चार्ज दिल्याशिवाय

— नाही हो साहेब, निजलेत अजून. उठवू कशी? कितीतरी दिवसांनी डोळ्याला डोळा लागलाय त्यांचा, आणि तुम्ही म्हणता हाक मारा! बसा ना, असे उंबऱ्यात काय उभे — ती खुर्ची घ्या, एका पायानं डुगडुगते, भिंतीला टेकवा म्हणजे झालं. आत्ता कुठं साडेआठ होतायत, दहाला बँक, आणि बँक म्हणजे काय हो, हा बोळ ओलांडला की आली. पुण्याहून थेट आलात ना? साखरपुडा नीट पार पडला नीलांबरीवहिनींच्या भाचीचा? मग झालं तर. चहा टाकते. गुळाचा चालेल? चार पावलांवर साखर कारखाने आणि घरात रेशनची साखर पंधरवडाभर पुरत नाही, सांगायलाही लाज वाटते. दूधसुद्धा नावालाच घालीन हं, शेजारच्या भागूबाईची म्हैस आटली, गुरांच्या छावणीत नेऊन बांधलीय बिचारीनं. — नाही, नाही, त्या दाराला हात नका लावू. मीच ओढून घेतलंय ते. उजेड आला की जागे होतात हे.

ठाऊक आहे मला, तुम्ही कशासाठी आलात ते. किल्लीसाठी. तुमच्या किल्लीसाठी — शनिवारी जाताना ह्यांच्या हातात ठेवून गेलात ना, 'खरवंडीकर, सोमवारी सकाळी हजर आहे मी' म्हणून? आज मंगळवार. पण असू दे, लग्नकार्यात होतो एखादा दिवस पुढंमागं. सांगते ना, किल्ली काय पळून जातेय? — ह्यांची किल्ली पाहिलीय तुम्ही कुठं ठेवतात ती? जानव्याला! हसू नका, पहिल्यांदा मीही हसले होते. लग्न होऊन आले तेव्हा मला काय कळतंय बँकेतलं — मी आपलं विचारलं, अहो, ही लोढण्यासारखी किल्ली गळ्यात कशाला, कोनाड्यात ठेवा की. तेव्हा सांगितलं ह्यांनी, की तिजोरीला दोन कुलपं असतात, एक किल्ली शाखा सांभाळणाऱ्या एजंटसाहेबांकडे, एक हेड कॅशियरकडे, आणि दोघं जातीनं समोर असल्याशिवाय ती उघडायची नाही. एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर नोकरी गेली. मला किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! सरकारनं बँक ताब्यात घेतली, गावोगाव शाखा निघाल्या, आणि आमच्या मिरजगावच्या शाखेची अर्धी तिजोरी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात. आईला पत्रात लिहिलंसुद्धा मी. आता आठवलं की स्वतःचंच तोंड फोडावंसं वाटतं.

कारण ती किल्ली गळ्यात नव्हतीच हो, मानेवर होती. जेवताना एक घास झाला की छातीवर हात. पोरीला मांडीवर घेतलं की छातीवर हात. अंघोळीला बसले तरी दाराबाहेरून मी विचारायचं, 'आहे ना?' — आणि आतून 'आहे' आलं की मग पुढचा तांब्या. बरं, बँक बंद झाल्यावर घरी यावं ना माणसानं? बोळ अर्धा ओलांडायचे, परत जायचे, कुलूप ओढून बघायचे. परत यायचे. परत जायचे. छगन शिपाई म्हणायचा, 'वहिनी, सायेब कुलपाला लई त्रास देत्यात.' त्याला गंमत वाटायची. वाटणारच, लोकांना दुसऱ्याच्या घरातलं सगळं गमतीचं वाटतं. आणि काम तरी केवढं! सहा माणसांचं काम तिघांत, त्यातला क्लार्क तुम्ही कर्जतला देऊन टाकलात. दुष्काळी कामाचा पगार वाटायचा दिवस आला की पहाटेपासून बायाबापड्या बँकेच्या ओट्यावर, कडेवर लेकरं, जाळीतून हात आत. ह्यांचं चुकलं तर त्या बायांची चूल पेटणार नाही, हे ह्यांना कळत होतं ना, तेच वाईट. न कळणाऱ्याला झोप लागते.

घ्या, चहा घ्या. बशीत ओता, पोळेल. — पोर? भागूबाईकडे दिलीय सकाळपासून. तेही सांगते. पण आधी सासूबाईंचं ऐका. तुम्हाला वाटतं त्या गोष्टीचं आम्हाला काही वाटलं नाही, हे तोंडातून शब्द काढत नाहीत म्हणून. देवळाली प्रवरेहून तार आली होती, 'आई अत्यवस्थ'. ती तार घेऊन हे तुमच्यासमोर उभे राहिले, आणि तुम्ही काय म्हणालात? 'जा ना, मी कुठं नको म्हणतो — पण चार्ज कुणाला देताय?' चार्ज कुणाला देताय! किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची तर दुसरा अधिकारी हवा, दोघांच्या सह्या हव्यात, तेव्हा चार्ज दिला म्हणायचं. नगरच्या मोठ्या ऑफिसातून माणूस येईपर्यंत तीन दिवस गेले. सासूबाई कशाला थांबतायत? धाकट्या दिरांनी अग्नी दिला. हे पोचले ते राख भरायला. आणि दहावासुद्धा धड करू दिला नाहीत — त्या माणसाला परत जायचं होतं म्हणे. सुतकात, गोटा केलेलं डोकं घेऊन जाळीमागं बसला होता माझा नवरा, आणि लोक बाहेर कुजबुजत होते. आई गेली त्याचं रडले नाहीत हो. येऊन पहिल्यांदा काय केलं असेल? किल्ली पुन्हा जानव्याला बांधली आणि म्हणाले, 'इंदू, त्या माणसानं कुलूप एकदाच ओढून बघितलं.'

तुमच्या मनात काही पाप नव्हतं, मान्य. नियम म्हणजे नियम, तुम्ही तरी काय करणार. पण साहेब, नियम असा एकाच्याच पाठीवर कसा बसतो हो? आम्ही चरफडायचं आणि गप्प बसायचं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सिद्धटेक इथून ते केवढंसं, गणपतीच्या दर्शनाला जाऊ म्हणते आहे मी लग्नापासून. गेल्या चतुर्थीला भांडले मी. म्हटलं, जन्मभर का ही किल्ली राखीत बसणार? तर हसले — फार दिवसांनी हसले — आणि म्हणाले, 'अगं, चार्ज दिल्याशिवाय मला मरतासुद्धा यायचं नाही.' मीही हसले. म्हटलं, मग बरंच आहे की, कधी देऊच नका चार्ज! असं बोललो आम्ही दोघं, इथंच, ह्या चुलीपाशी. संध्याकाळची वेळ, दिवा लावलेला — वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, एवढं तरी भान हवं होतं मला.

मग ते विहिरीचं सुरू झालं. तुमच्या बँकेच्या पाठीमागं आसारामचा मळा नाही का — कसला मळा आता, नुसती ढेकळं — त्यातली ती विहीर. कोरडी ठणठणीत. तळाला दगड दिसतात. बँक सुटली की हे तिथं जाऊन उभे. मी एकदा गेले मागोमाग, म्हटलं, काय बघता वाकून, थेंब नाही आत. म्हणाले, 'बघत नाही, ऐकतोय.' खडा सोडायचे आणि कान द्यायचे. हात धरून घरी आणलं. तेव्हा मी तुमच्याकडे आले होते, आठवतंय? म्हटलं, साहेब, ह्यांना चार दिवस सुट्टी द्या, ह्यांचं काही खरं नाही. तुम्ही म्हणालात, 'वहिनी, हवा बदलली की ठीक होतील, उन्हाळा फार आहे यंदा.'

हो हो, घड्याळ दिसतंय मला. झालंच. — शनिवारी काय केलंत तुम्ही? ज्या माणसाला तीन वर्षं सांगितलंत की एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर नोकरी गेली, त्याच्याच हातात आपली किल्ली ठेवलीत आणि एसटीत बसलात. भाचीचा साखरपुडा! आणि आईच्या मरणाला चार्ज लागतो. 'खरवंडीकर, तुमच्यावर विश्वास आहे' — विश्वास कसला हो, गरीब गाय होती, कुठंही बांधली तरी हंबरणार नाही. घरी आले ते पांढरेफटक. दोन्ही किल्ल्या गळ्यात. जेवण नाही, पाणी नाही. म्हणत होते, 'इंदू, आता पूर्ण तिजोरी मी एकटाच आहे.' सोमवारी तुम्ही आला नाहीत. तरी उघडली त्यांनी, एकट्यानं दोन्ही कुलपं लावली-काढली, आणि कुणी विचारलं तर 'साहेब राशीनला गेलेत' असं खोटं सांगितलं. ह्या माणसानं खोटं सांगितलं! घरी येऊन दोनदा चूळ भरली. आणि संध्याकाळी पोरगी आपली खेळायला गेली, तिचा नेहमीचा खेळ — 'बाबा, किल्ली कुठंय? हरवली!' — तर फाडकन तिच्या तोंडात. अडीच वर्षांचं लेकरू ते. ओठ फुटला. तिच्यापेक्षा हेच जास्त घाबरले, उठताना दोन्ही किल्ल्यांचा हिसका बसला आणि जानवं तुटलं. खळकन किल्ल्या फरशीवर. तुटलेलं जानवं हातात धरून बसून राहिले, नवं आणून दिलं तर घालवेना. तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, बास.

— उठू नका. उठून काय करणार? उघडा हवं तर ते दार. उघडा ना. — आत कोणी नाहीये, साहेब. अंथरूण रिकामं आहे.

सातच्या गाडीनं नगरला पाठवलंय मी त्यांना. दोन्ही किल्ल्या घेऊन. तुमची गाडी आणि ह्यांची गाडी रुईछत्तिशीच्या आसपास एकमेकींना ओलांडून गेल्या असतील, खिडकीशी बसला असतात तर दिसलेही असते. पहाटे मीच उठवलं. काळा करगोटा घेतला, त्यात दोन्ही किल्ल्या ओवल्या, माझ्या हातानं गळ्यात बांधल्या, दुहेरी गाठ मारली. म्हटलं, मोठ्या साहेबांच्या टेबलावर ह्या दोन्ही ठेवा आणि सांगा, माझ्याच्यानं होत नाही. नोकरी गेली तर गेली, मी शिवण शिवीन, पापड लाटीन. चार्ज देऊन मोकळे व्हा एकदाचे. 'मोकळा होऊ?' असं विचारलं हो त्यांनी — लहान मुलासारखं. म्हटलं, व्हा. देवाला नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं, चांगलं वाटलं मला. किती महिन्यांनी चेहरा असा निवळ. म्हणून तर तुम्हाला इथं बसवून घेतलं — तुम्ही लगेच बाहेर पडला असतात तर एखाद्या ट्रकला हात करून मागं धावला असतात, रस्त्यात गाठून पुन्हा गोडीगुलाबीनं माघारी आणलं असतंत. तुमच्यासमोर त्यांचं काही चालत नाही. आता धावून उपयोग नाही. आता पोचले असतील.

नाही, माझ्यासमोर हात जोडू नका, बरं दिसत नाही. तुमची मुलं लहान आहेत, कळतं मला, वहिनींचंही वाईट वाटतं. पण माझं माणूस हातचं चाललं होतं, साहेब. तुमचं फार तर काय होईल, बदली होईल, चौकशी होईल. माझं —

कोण? छगन होय. ये ना, बाहेर का उभा? हे बघ, तुमचे साहेब आलेत, त्यांनाच हुडकत आलास? — हातात काय तुझ्या? — छगन, हातात काय आहे ते पुढं कर.

ह्या तुझ्याकडे कशा?

सकाळी दिल्या? सकाळी म्हणजे — गाडीच्या आधी? आणि मग गाडीत बसले ना? अरे, तू ओटा झाडत होतास, स्टँड समोर आहे, बसले की नाही एवढं दिसलं नाही तुला? — नाही बसले. गाडी गेली आणि हे तिथंच. 'एजंटसायेब आले की द्या' — बरं, आणखी? आणखी काय म्हणाले, सगळं सांग. — सही? तुझी सही कशाला? सिगारेटच्या पाकिटावर? — म्हणजे दोघांच्या सह्या झाल्या. 'छगन, चार्ज दिला बरं का.' असं म्हणाले. हसून म्हणाले? — हसून.

हा करगोटा मी बांधला होता. गाठ तशीच आहे. कापलाय हा.

आणि तू तेव्हापासून बसून राहिलास साहेबांची वाट बघत — तुझी काय चूक, तुला सांगितलं तेवढं केलंस. कुठल्या अंगाला गेले? बोट नको दाखवू, तोंडानं बोल. — मागं. बँकेच्या मागं. मळ्याकडं.

मीच म्हटलं. मीच म्हटलं, मोकळे व्हा.

घ्या साहेब, ह्या तुमच्या किल्ल्या. दोन्ही घ्या. आता बसून काय राहिलात खुर्ची अडवून — उठा! वाटेतून बाजूला व्हा म्हणते ना, जाऊ द्या मला —