बिनआवाजाचा पोशाख

सन्माननीय अध्यक्षा, म्हणजेच या स्टुडिओच्या मालकीणबाई; व्यासपीठावरचे रेकॉर्ड कंपनीचे साहेब; आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे रेकॉर्डिस्ट काका; शेजारी बसलेल्या काकू; आणि समोरच्या सर्व वादक, गायक, मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी बँडचा शिंपी. शाळा अर्धवट सुटली, म्हणून भाषण लिहून आणलंय आणि पुन्हा पुन्हा तपासलंय. हे पहिलं पान उलटलं. कागदाची फडफड माइकमध्ये येतेय. बघा, काकांनी मान वर केलीच!

काकांविषयी बोलायचं म्हणजे ‘लिपस्टिक आणि लोखंड’ या अल्बमविषयी बोलायला हवं. मघाशी काकूंच्या बहिणीने मला विचारलं, “अरे, हे ग्लॅम मेटल म्हणजे काय असतं?” मावशी, संगीत कानठळ्या बसवणारं, आणि वाजवणारे पुरुष असे नटलेले, की त्यांना आरशासमोरून उठवायला दोन माणसं लागतात.

आमच्या बँडची एक रीत आहे. अंगावर पोशाख चढवल्याशिवाय कुणी सूर लावत नाही. साध्या तालमीतसुद्धा. मग स्टुडिओत, जिथे बघायला चिटपाखरूही नसतं, तिथे तरी काय वेगळं होणार? आमचा गायक झिपऱ्या, तो बघा दुसऱ्या रांगेत, पहिल्या दिवशी कमरेला साखळ्या, कोपरापर्यंत कडी आणि रेक्झिनची करकरणारी पँट घालून माइकसमोर उभा राहिला.

काकांनी पहिल्याच ओळीला थांबवलं. “झिपऱ्या, गातोयस की भांडी घासतोयस?”

“काका, ड्रेस आहे माझा.”

“माइकला ड्रेस दिसत नाही रे बाबा, नुसता ऐकू येतो. उतरव.”

उतरवला. ड्रमरचा ढगळ शर्ट घालून तो गायला, आणि कसा? स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात ना, तसा. कशीबशी बाकीची गाणी पार पडली. राहिलं एक संथ गाणं, आणि सगळा अल्बम त्याच्यावर उभा. ते काही केल्या जमेना. शेवटी साहेब म्हणाले (साहेब, राग मानू नका), “उद्या संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर दुसरा गायक आणतो.”

झिपऱ्या जिन्यात जाऊन बसला. बँडकडे स्वतःची गिटारही नव्हती तेव्हापासून तो त्यात गातोय. बायकोचा फोन आला तर तिला म्हणाला, “एकदम मजेत चाललंय.” तोंड मात्र भिंतीकडे.

मग मला बोलावणं आलं. काकांचा हुकूम एकच : बिनआवाजाचा पोशाख शिव. मी रेक्झिनऐवजी मखमल घेतली, साखळ्यांखाली नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, लावला, कड्यांना आतून फीत गुंडाळली. आणि मंडळी, कपड्यांकडे कुणीच बघत नाही अशी ट्रायल तुम्ही पाहिलीय का? काका डोळे मिटून, कानाला हेडफोन लावून बसलेले.

“चाल. बस. हात वर कर. डावा खांदा बोलतोय रे.”

मी डावा खांदा उसवून पुन्हा शिवला.

“वा! आता कसा कपाटात टांगल्यासारखा गप्प झाला.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. झिपऱ्या गायला, तर आधीपेक्षा वाईट! साहेब घड्याळाकडे बघायला लागले, गिटारवाला छताकडे. काका मात्र काचेपलीकडे झिपऱ्याच्या मनगटाकडे टक लावून बघत होते. प्रत्येक ओळीआधी तो मनगट झटकायचा, काहीतरी वाजायची वाट बघायचा, आणि काही वाजलं नाही की त्याचा श्वास चुकायचा.

आता या माणसाने जन्मभर काय केलं? पंखे बंद केले. माश्या हाकलल्या. चहावाल्याला चपला बाहेर काढायला लावल्या. तेच काका उठून आत गेले आणि म्हणाले, “काढ त्या चिंध्या. तुझं लोखंड घाल.” त्या चिंध्या मी शिवल्या होत्या, पण असो. शिवाय त्याच्या कमरेजवळ एक जादा माइक लावला.

साहेब ओरडले, “अहो काका, आवाज येईल ना!”

“येऊ दे. गायकाचाच आहे.”

गाणं एका दमात झालं. आज ते सुरू होताना जी रुणझुण ऐकू येते, ते कोणतं वाद्य म्हणून लोक विचारतात. ती झिपऱ्याची कंबर आहे.

त्यानंतर गायक बदलायची गोष्ट कुणी काढली नाही. आज झिपऱ्या या सभागृहात बसलाय तो ‘पूर्वी गाणारा’ म्हणून नाही. रविवारी त्याचा कार्यक्रम आहे. काका, तुम्ही त्या दिवशी तुमचा नियम मोडलात, म्हणून एक माणूस त्याच्या जागेवर राहिला.

मालकीणबाईंचे, साहेबांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा टाका चुकला असेल, तर तेवढाच उसवा आणि बाकीचं गोड मानून घ्या.