आठ सुया

डॉक्टर: सकाळी सहाला धाप लागली, सव्वासातला वाफ दिली, साडेनऊला इथं फुंकायच्या यंत्रावर बसवली. सहा वर्षांच्या, एवढ्याच उंचीच्या मुलीचे शंभर धरले तर सृष्टीचे अठ्ठ्याहत्तर. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. ऐंशी.

शिवांजली: म्हंजे दमा?

डॉक्टर: दम्यात बहुतेकदा औषधानंतर आकडा याहून जास्त चढतो. ठाम सांगता येत नाही.

शिवांजली: ठाम सांगता येत न्हाई, हे विट्यात ऐकलं, कराडात ऐकलं. आता सांगलीत तुमी. लेकीला घिऊन अजून कुटं कुटं फिरू?

अंजना: डॉक्टरीणबाईंशी असं बोलू नगं गं. आवं बाई, कुंडलात आमच्या घरामागं उसाचं पाचट पेटवत्यात. त्यो धूर हाय, दुसरं काय न्हाई.

डॉक्टर: धुरानंही होतं. पण तुमच्या बाळंतपणाच्या आटपाडीच्या कागदावर चार सुया दिसतायत. एकतिसावा आठवडा. कळा आल्या होत्या?

शिवांजली: व्हय, माहेरी गेल्यावर. बाळ लवकर झालं तर फुप्फुसं कच्ची नसावीत म्हनून दिल्या. मग कळा थांबल्या आन् ही पुऱ्या दिवसांची झाली.

डॉक्टर: त्याआधी कुठं अशा सुया घेतल्या होत्या?

शिवांजली: ते माझ्या सासूबाईंना इचारा. सांगा की, आत्या.

अंजना: मला कशाला मधी घेतीस?

शिवांजली: सहा वर्सं घेतलं न्हाई म्हनून तर हितं बसलोय. बाई, सातवा लागता लागता पलूसला दोन दिवस ॲडमिट हुते मी. थितंबी चार दिल्या. घरी आले, चवथ्या दिवशी ओटी भरली. आत्या म्हनल्या, माहेरी दवाखान्याचं काय बोलायचं न्हाई. सासरी पोरीला नीट ठेवली न्हाई म्हनत्याल. फाइल ठिवून घेतली.

डॉक्टर: आटपाडीत विचारलं नाही कुणी?

शिवांजली: इचारलं की. आई उशाला हुबी हुती. मी न्हाई म्हनले.

(अंजना पिशवीतून हिरव्या खणात गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवते.)

शिवांजली: मला तर म्हनालात वाळवीनं खाल्ला.

अंजना: पोर धडधाकट झाली. वाटलं, आता कागदाला कोन इचारतंय.

डॉक्टर: अठ्ठाविसावा आठवडा. चार सुया, बारा-बारा तासांनी. तीन आठवड्यांनी परत चार. आठ.

शिवांजली: त्या आठांनी झालं का? व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना.

डॉक्टर: पहिल्या चार देणं योग्यच होतं. त्यांनी दिवस न भरलेली कितीतरी बाळं जगतात. कधी कधी माहीत असूनही दुसऱ्यांदा देतात. दुसऱ्यांदा दिल्यावर पुढं फुप्फुसं कशी वाढतात, यावर अभ्यास झालेत. जनावरांत फरक दिसला. मुलांत बहुतेक ठिकाणी दिसला नाही. तुमच्या एकट्या मुलीबद्दल मी कशावरून सांगू?

शिवांजली: म्हंजे माझ्या न्हाई म्हनन्यानं झालं का, हे कवाच कळायचं न्हाई.

डॉक्टर: बहुतेक नाही.

शिवांजली: तिचा बाप सुट्टीवर आला की त्येच इचारनार हाय. मी काय सांगू?

अंजना: बाई, तुमी कागदावर लिवा. सुनेला गप बस म्हनून मी सांगितलं हुतं.

डॉक्टर: आजी, मी तारखा आणि सुया लिहिते.

शिवांजली: लिवा की. आत्या पहिल्यांदाच म्हनत्यात.

डॉक्टर: लिहिलं. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप रोज, सकाळ-संध्याकाळ. पाचटाच्या दिवसांत हिला आटपाडीला ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा फुंकायचं. सृष्टी कुठाय?

अंजना: भाईर जिन्यावर. पळत खाली जातीया, पळत वर येतीया.

डॉक्टर: किती वेळा झालं?

शिवांजली: तीनदा. आता मधल्या पायरीवर बसलीया.