चुकलेल्या रंगांचा ढीग

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही रंगाच्या दुकानात रांगेत उभे आहात. तुमच्या पुढे एक बाबा आहेत आणि त्यांची लेक. गिऱ्हाइकाला हवा तसा न जमलेला रंग दुकानदार ढीग लावून स्वस्तात विकतो. तसाच एक हिरवा डबा लेकीनं छातीशी धरलाय.

“बाबा, हा भिंतीला. जुन्या चटईचा पडदा करू. पुठ्ठ्याची केळीची पानं मी कापते.”

“आणि पोपट?”

“तो कशाला? तू आहेस ना बडबडायला!”

“आगाऊ! एवढीशी ती खोली, त्यात जंगल कशाला गं?”

“आई त्या बेटावर असते ना, तिथल्यासारखं. मग सुट्टीला आली की तिला परत जावंसं वाटणारच नाही.”

“अगं, ती काय तिथे फिरायला गेलीये? दिवसभर हॉटेलातल्या चादरी धुते. झाडं दिसतात ती पाहुण्यांच्या खिडकीतून.”

“आणि आईच्या?”

“तिच्या खोलीला खिडकीच नाही.”

“मग झोपताना ती काय बघते?”

“तुझ्या खोलीचा फोटो. उशाशी लावलाय तिनं. ती पिवळी भिंत, त्यावरच्या तुझ्या रेघोट्या...”

“रेघोट्यासुद्धा?”

“त्या तर रोज बघते म्हणाली.”

“बाबा, भिंत तर आपण कालच खरवडली!”

रांग पुढे सरकली. लेकीनं हिरवा डबा परत ढिगात ठेवला आणि टाचा उंचावून काउंटरवर हनुवटी टेकवली.

“काका, चुकून कुणाचा पिवळा झालाय का? जरा मळकाच हवाय.”