धोंडुबाईचं दुसरं वाक्य

आप्पासो : नदी उतरायची. कुत्र्याला भाकरी टाकायची. सरपंचाशी भांडायचं. निजायचं.

उत्कर्षा : आप्पा, स्क्रीनवरचं नुसतं वाचू नका. यातलं एक निवडा.

आप्पासो : कुत्र्याला भाकरी. सरपंच काय पळून चाललाय?

जयराज : उत्कर्षा, तुझे आजोबा मघापासून कुत्र्यालाच जेवू घालतायत. बिरदेवला सैन्यभरतीला कधी पाठवणार? दुपारी सांगलीत गेम दाखवायचाय. तिथं परीक्षक असाच अडकला तर आपण बाद.

आप्पासो : बिरदेव म्हंजी मीच न्हवं? मग मी जात न्हाई.

जयराज : का?

आप्पासो : मेंढरं माळावर उघडी टाकून? राखण कुणाकडं देऊ? ही बायकू हाय बिरदेवची, धोंडुबाई. तिला कितींदा इचारलं. एकच बोलती, "जेवून जावा."

उत्कर्षा : तिला तेवढंच वाक्य दिलंय, आप्पा.

आप्पासो : आज्जीचं नाव दिलंस आन् वाक्य एक? खरी धोंडुबाई एका वाक्यावर थांबती व्हय गं?

जयराज : सोपं आहे. स्क्रीन काळी करू. उजाडलं की बिरदेव थेट भरतीच्या मैदानात.

आप्पासो : मग हे माज्या हातात कशाला दिलंस, जयराज फलटणकर? तूच खेळ. मी च्या पितो.

उत्कर्षा : बरोबर आहे की. खेळणाऱ्याला फरफटतच न्यायचं तर सिनेमा काढू.

जयराज : आणि त्यानं कळप बायकोकडे सोपवला तर? मग कळप पांगणार नाही. पांगला नाही तर बिरदेव परत येऊन शोधणार काय? माझी सगळी गोष्ट त्या शोधावर उभी आहे.

आप्पासो : गोष्ट तुजी, तर मेंढरं माज्या हातनं का हरवतोस? आमा धनगरांत असं कोण करत न्हाई गड्या.

(गेममधली मेंढरं ओरडतात. उत्कर्षा स्क्रीनकडं वाकून बघते.)

उत्कर्षा : जयराज, धोंडुबाई कळप घेऊन तिथंच थांबंल का?

जयराज : का नाही थांबणार? घर आहे तिचं.

उत्कर्षा : तू उसातला. ऊस जागचा हलत नाही. इथं चारा संपला की बिऱ्हाड उठणार! कोकरं, भांडी, सगळं घोड्यावर. बिरदेव परत येईल तेव्हा माळावर नुसत्या लेंड्या.

जयराज : म्हणजे हरवलं काहीच नाही, तरी शोधायचं सगळं?

उत्कर्षा : व्हय! ज्या खेळणाऱ्यानं कळप सोपवला नाही, त्याचा पांगला. ज्यानं सोपवला, त्याची बायको पुढं गेली. शोध दोघांनाही आहे.

जयराज : पण गेममध्ये वाटेतली माणसं सगळ्यांनाच सांगतात, "तुझा कळप पांगला." सोपवणाऱ्याला ती खोटारडी वाटतील.

उत्कर्षा : मग त्याच्यासाठी वेगळं बोलतील. एसटीत बसून लिही. मी कळप सोपवायचं बटण जोडते.

जयराज : आणि कळप घेताना धोंडुबाई काय म्हणेल?

आप्पासो : लिव्ह. "जावा तुमी. पर मी हितंच गावंन असं समजू नगासा."

जयराज : आप्पा, लय भारी! आता तरी जाता का भरतीला?

आप्पासो : जातो की. दाब म्हनशील ते दाबतो.

उत्कर्षा : हसताय कशाला?

आप्पासो : मीबी पलटणीतनं सुट्टीवर आलो तवा असंच आमचं बिऱ्हाड हुडकत हुतो. तुजा बा जलमल्याचं मला आष्ट्यात एका भजीवाल्यानं सांगितलं.