उराशी धरलेलं

रक्त तपासायच्या रांगेत बसलेल्या रंगाऱ्याचे कान शेजारच्या बोलण्याकडे लागले होते. एक बाप नर्सला सोडतच नव्हता.

"सिस्टर, या औषधानं पोरीच्या रक्तातलं शिसं निघेल ना?"

"निघेल हो. औषध आपल्याकडचे इलेक्ट्रॉन शिशाला देतं, त्याला चहूबाजूंनी घट्ट धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं."

"आपलंच देऊन धरतं?"

"हो. पण घरात पुन्हा शिसं आलं, तर सगळं पाण्यात. काम काय करता?"

"जुन्या बॅटऱ्या फोडतो. पण हात घासून धुतल्याशिवाय तिला शिवत नाही, शप्पथ!"

"आणि कामाचे कपडे?"

"ते खुंटीला असतात. फक्त... मी कामावर गेलो, की दुपारी माझा कालचा सदरा उराशी धरल्याशिवाय ती झोपतच नाही."