मूठभर मिठाचा मान

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. आपल्याला नकोसं झालेलं, हातात उरलेलं आपण देवापुढं ठेवलं, तर त्याला दान म्हणायचं का? पाहा, लगेच माना हलल्या! ते खांबाला टेकलेले काका तर झोपेतच मान हलवताहेत.

तर ऐका. भंडाऱ्याकडं एक ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं गाव. गावाला एक तळं, आणि त्या तळ्यावर अख्ख्या गावाची चूल. माघात तिथं जत्रा भरायची. दुपारी गळ गुंडाळले, की प्रत्येकानं उरलेलं आमिष तळ्यात सोडायचं. कुणाचे झिंगे, कुणाच्या जिवंत बारक्या मासोळ्या. त्याला म्हणायचे पाण्याचा वाटा! आणि पहिला वाटा टाकायचा मान कुणाचा? वलथऱ्यांच्या घराचा. त्या घरात आता एकटी कौतिकाबाई. नवरा गेल्यावर सात वर्षं तिनं हा मान सांभाळला होता. त्या दिवशी ती सासूचं हिरवं लुगडं नेसायची, आणि मंडळी, तेवढा एक दिवस बाई ताठ चालायची.

त्या वर्षी जत्रेआधी ती माहेरी गेली. भावाच्या तळ्यावर दोन दिवस गळ टाकले. निघताना डब्यात तिथल्याच आमिषाच्या अर्ध्या मासोळ्या उरल्या, जिवंत, वळवळत्या. जत्रेच्या वाट्याला होतील म्हणून तिनं डबा उचलला. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, आमच्या तळ्यातल्या मासळीवर यंदा लाल चट्टे येतात गं. दोन-चार तर मरून वर आल्या."

बस्स! वाटभर तो डबा तिच्या मांडीवर, आणि चट्टे डोळ्यांपुढं. घरी आली, डब्यातलं पाणी दूर माळावर तापल्या मुरमात ओतलं. मासोळ्या मारल्या, खडेमिठाचे थर देऊन बरणीत भरल्या. डबा घासून उन्हात पालथा घातला. गळाला लावायचं आमिष, वाया काऊन घालवायचं? पण वापरायचं ते भावाच्याच तळ्यात, जिथून आलं तिथंच!

जत्रेच्या दुपारी सारं गाव काठावर. हलगी थांबली. हिरवं लुगडं पुढं आलं, हात रिकामे.

धोंडबा दिघोरे गावातला जाणता माणूस, नात्यानं तिच्या नवऱ्याचा मामा. त्यानं विचारलं, माहेराहून डबा आणलास म्हणे, तो कुठं? तिनं सांगितलं, मिठात आहे. बायका खुदकन हसल्या. एक म्हणाली, वलथऱ्यांच्या सुनेनं देवाच्या वाट्याचं लोणचं घातलं!

धोंडबा हसला नाही. तो म्हणाला, "सूनबाई, वाटा नाही तर मान नाही. आजपासून पहिला वाटा मी टाकतो."

सात वर्षांचा ताठ कणा, मंडळी! एका वाक्यात वाकला असता. डोळे भरले, पण पाय हलले नाहीत. धोंडबानं आपलं आमिषाचं मडकं उचललं, आणि कौतिकाबाई पाण्यात उतरून त्याच्या आडवी उभी राहिली.

"मामाजी, मान घ्या. खुशाल घ्या. पण हे मडकं कुठल्या पाण्याचं, तेवढं सांगा."

मडकं जावयानं दिलेलं, आणि जावयाचं गाव कोणतं? तिच्या भावाचंच! ती हळूच म्हणाली, "तिथल्या मासळीवर लाल चट्टे येतात, भाऊ म्हणाला. ऐकलेलं खोटं असेल, तुम्ही पाहा. मासळी तुमच्याइतकी कुणाला कळते?"

आता पाहा, म्हाताऱ्याच्या हातात काय काय होतं! मडकं होतं, नुकता मिळालेला मान होता, आणि समोर सारं गाव. न बघता ओतलं असतं, तर कोण विचारणार होतं? पण तो जातिवंत ढिवर. त्यानं मडक्यात हात घातला, एक मासोळी तळहातावर घेतली, उन्हात धरली. कल्ल्याखाली लाल चट्टा. दुसरी काढली. तिलाही.

जळ ही माउली, मागत ना काही,
घालशील ते घेई, बोलत नाही।

धोंडबानं मडकं कौतिकाबाईच्या हातात दिलं. "तू सांगशील तसं," एवढंच म्हणाला. चट्ट्यांच्या मासोळ्या तळ्यापासून लांब खड्ड्यात गेल्या, वर चुना, वर माती. ज्यांनी ज्यांनी बाहेरचं आमिष आणलं होतं, त्यांनी गुपचूप डबे मागं घेतले. कुणी विचारलं, मिठानं रोग मरतो का? ती म्हणाली, "सगळा मरतो असं मी म्हणणार नाही. म्हणून तर परक्या पाण्याचं आपल्या पाण्यात नको."

त्या साली भावाच्या तळ्यात जाळी रिकामी आली. या तळ्यात मासळी उसळत होती!

आजही तिथं माघात जत्रा भरते. पण तळ्यात कुणी काही ओतत नाही. काठावर मोठी बरणी मांडतात, आपल्याच तळ्याचं उरलेलं आमिष तिच्यात पडतं, आणि पहिली मूठ मिठाची टाकायचा मान वलथऱ्यांच्या घराचा. पहिल्या वर्षी मिठाचं सूप कुणी धरलं होतं? धोंडबानं, दोन्ही हातांनी! आणि तो गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमच्या घरची सून आहे."

तर मंडळी, आपणही रोज काही ना काही ओततो. लेकरांच्या कानात, शेजाऱ्याच्या दारात, गावाच्या पाण्यात. घेणारा बोलत नाही. म्हणून ओतण्याआधी मडक्यात हात घाला, उन्हात धरा, आणि आधी आपण पाहा. बोला, पाहाल ना?