निळ्या फरशांचं घर

हॅलो?… कोण, नोएलिया? बोल गं. सारागोसालाही असंच उकडतंय का?…

सप्टेंबरमध्ये? इकडे वलेन्सियाला? मग उतरायचं कुठे हे काय विचारतेस, आजीचं घर आहे ना… हो, हो… पाच मैत्रिणी. मग नाही मावायच्या, खरंय.

कार्मे भागात? नको गं. रात्रभर दारुडे ओरडतात. तुझे आजोबा तिथे सुतारकाम शिकले, तेव्हा गल्लीत रंध्याचा आवाज यायचा. आता नुसता ग्लासांचा… रुसाफा छान आहे म्हणतात, पण समुद्र लांब… अगं ऐक ना, इथेच काबान्यालला बघ काहीतरी. संध्याकाळी सगळ्या मिळून दारात बसू. आता गल्लीत मी आणि समोरची फीना, दोघीच बसतो. बाकीची घरं पर्यटकांना दिलेली, दारांना आकड्यांची कुलपं.

कसला करार?… घरभाड्याचा? हो, ऑगस्टअखेर संपतो. एन्रिक करेल की सही. त्याच्या आजोबांच्या वेळचे भाडेकरू आम्ही. परवाच म्हणाला, काळजी करू नका, बघू.

सापडलं? आमच्याच गल्लीत? वाच बरं… निळ्या फरशांची भिंत… दोन खोल्या… मागे अंगण, लिंबाचं झाड…

हो. ऐकतेय.

दारात काय?… वेताची खुर्ची. पिवळी उशी… ‘इथल्या लोकांसारखं संध्याकाळी बाहेर बसा’… असं लिहिलंय?

नाही, रडत नाहीये. ईस्टरला फोटो काढून गेला गं एन्रिक. विम्यासाठी म्हणाला. खुर्ची बाहेरच असू द्या, तुम्ही बसता तशी. मी मुद्दाम उशीला धुतलेला अभ्रा घातला.

कधीपासून मिळतंय म्हणालीस?… एक सप्टेंबर.

त्याला फोन करून काय होणार?… तुझ्या बाबांकडे? चौथ्या मजल्यावर? दार उघडलं की समोर जिना. मी बसू कुठे?…

नको, दुसरं शोधू नकोस. तेच घे. तुम्ही नाही घेतलंत तर दुसरं कोणी घेईल… स्वयंपाकघराची खिडकी जरा उचलून लावावी लागते. एन्रिकला नाही माहीत ते.

ठेवते आता. फीना हाक मारतेय, वारा सुटलाय म्हणते… नोएलिया, तिचं घरही एन्रिकचंच. हिरवं दार, वर दोन होड्या रंगवलेल्या… नको. बघू नकोस. आज तरी बसू दे तिला.